बंद पडलेला लेझर डिस्क प्लेअर उघडण्याआधी

मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटला जुन्या रेडिओ-ग्रामोफोनच्या ढिगाऱ्यात कधीमधी एक रुंद काळी पेटी दिसते. व्हीसीआरसारखीच, पण अंगाने मोठी आणि उचलायला चांगली जड. दुकानदाराला विचारलं, चालतो का, तर तो वायर जोडून दाखवतो: बघा, लाइट लागतो. लेझर डिस्क प्लेअरची बहुतेक खरेदी एवढ्याच चाचणीवर होते. घरी आणल्यावर ट्रे उघडत नाही, नाहीतर उघडतो आणि डिस्क फिरत नाही. मग कुणीतरी सांगतं, "लेझर गेला, सोडून द्या."

ते शेवटचं वाक्य बहुधा चुकीचं असतं. तीस-पस्तीस वर्षांच्या या यंत्रांत लेझरच्या कितीतरी आधी रबर मरतं, ग्रीस घट्ट होतं आणि कपॅसिटर सुकतात. या तिन्ही गोष्टी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सामानात आणि एका रविवारात दुरुस्त होण्यासारख्या आहेत. डिस्कचं मात्र उलट आहे. तिला आतून कीड लागली, म्हणजे तिचा धातूचा थर गंजला, की तिच्यावर इलाज नाही. म्हणून यंत्राकडे धीराने बघायचं आणि डिस्ककडे घाईने, हा क्रम आधीच मनाशी ठरवावा.

आधी ही वस्तू काय आहे ते नीट समजून घेऊ. लेझर डिस्क १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत बाजारात आली. एलपी रेकॉर्डएवढी, ३० सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी दोन पातळ अॅक्रिलिक तबकड्या पाठीला पाठ चिकटवून बनते. दोन्हींच्या आत अॅल्युमिनियमचा थर असतो. म्हणजे धातू मध्ये आणि दोन्ही बाहेरच्या बाजू वाचायच्या. लेझर आला म्हणजे सगळं डिजिटल असणार, असा समज होतो, पण इथलं चित्र अॅनालॉग आहे. डिस्कवरच्या सूक्ष्म खळग्यांची लांबी आणि त्यांच्यामधलं अंतर बदलत जातं आणि त्यातूनच चित्राचा सिग्नल उभा राहतो. आवाज आधी अॅनालॉग होता, पुढे त्याच्या जोडीला सीडीसारखा डिजिटल आवाजही आला.

डिस्क दोन प्रकारच्या असतात. सीएव्ही प्रकारात फिरण्याचा वेग कायम असतो: अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीच्या, म्हणजे एनटीएससी, डिस्कला मिनिटाला १८०० फेरे, युरोपच्या पाल डिस्कला १५००. एका फेरीत बरोबर एक पूर्ण चित्र मावतं, त्यामुळे चित्र जागच्या जागी थांबवता येतं, पण एका बाजूला ३० मिनिटंच बसतात, पालमध्ये ३६. दुसरा प्रकार सीएलव्ही. त्यात वाचन बाहेर सरकतं तसा वेग १८०० वरून ६०० पर्यंत उतरतो आणि एका बाजूला तासभर सिनेमा मावतो. कव्हर हरवलेलं असलं तरी दोन्ही ओळखता येतात. डिस्क ट्यूबलाइटखाली थोडी तिरकी धरा. सीएव्ही असेल तर केंद्रापासून कडेपर्यंत जाणारे दोन सरळ पट्टे समोरासमोर दिसतील, चाकाच्या आऱ्यांसारखे. प्रत्येक फेरीत चित्राच्या दोन भागांमधली मोकळी जागा त्याच ठिकाणी येते, म्हणून ते पट्टे उमटतात. सीएलव्हीमध्ये अशा सलग आऱ्या नसतात.

याच बाजारात प्लास्टिकच्या चपट्या डब्यात बंद असलेली तबकडी मिळाली तर ती लेझर डिस्क नाही, हे लक्षात घ्या. आरसीएने १९८१ मध्ये काढलेली सीईडी किंवा जेव्हीसीने जपानात १९८३ मध्ये आणलेली व्हीएचडी असू शकते. दोन्हींत लेझर नाही, डिस्कला टेकणारी सुई आहे. ती डिस्क हाताने डब्यातून बाहेर काढायची नसते. बोटाचा ठसा किंवा धुळीचा कण पडला की सुई अडखळते. प्लेअर सोबत नसेल तर नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

दुकानातच काय बघायचं

पहिली नजर मागच्या पट्टीवर. जपानी यंत्र १०० व्होल्टचं असतं, अमेरिकन १२० चं, आणि आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. दुकानदार "लाइट लागतो" दाखवायला थेट प्लगमध्ये घालायला निघाला तर त्याला हाताने थांबवा. जपानी प्लेअर २३० वर लावला तर आतला फ्यूज उडेल, नशीब नसेल तर पॉवर ट्रान्सफॉर्मर जळेल. घरी वापरायला तांब्याची गुंडाळी असलेला खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रवासात नेतात तो हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर चालणार नाही, त्यातून येणारी वीज तुटक लहरींची असते. प्लेअर साधारण ३५ ते ६० वॅट खातो, तेव्हा १५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर आरामात पुरतो. तयार मिळतो तो बहुधा ११० व्होल्टचा. अमेरिकन यंत्राला तो उत्तम, कारण ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर थोडा जास्त तापतो आणि दहा व्होल्ट कमी मिळाले तर ते भरून निघतं. जपानी यंत्राला मात्र १०० व्होल्टचाच बांधून घ्या. ५० हर्ट्झमुळे सिनेमा हळू चालेल का, ही भीती नको. मोटरचा वेग यंत्रातला क्रिस्टल ठरवतो, घरातली वीज ठरवत नाही.

दुसरं, पेटी हळूच तिरकी करा. आत काही खुळखुळलं तर तुटलेला गिअर किंवा सुटा स्क्रू आहे. काही मॉडेलांना खालून वाहतुकीचा लॉक-स्क्रू असतो. तो कसलेला राहिला तर पिकअप, म्हणजे लेझर आणि लेन्सचा सरकणारा भाग, हलत नाही आणि चांगलं यंत्र मेल्यासारखं वाटतं. तिसरं, सगळ्यात कामाचं: खिशात एक साधी ऑडिओ सीडी ठेवा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे बरेच प्लेअर सीडीही लावतात आणि त्यांतल्या बहुतेकांत सीडी आणि लेझर डिस्क एकच पिकअप वाचतो. सीडी वाजली तर लेझर, फोकस आणि निम्मं सर्किट शाबूत आहे, एवढं पक्कं. मग दोष मोठी डिस्क फिरवणाऱ्या मोटरमध्ये, टिल्टमध्ये (पिकअप तिरका करणाऱ्या यंत्रणेत) किंवा ग्रीसमध्ये शोधायचा.

सुरुवातीच्या काही वर्षांचे प्लेअर हेलियम-निऑन वायूच्या नळीवर चालायचे. लेझर डायोड असलेला पायोनियरचा पहिला प्लेअर १९८४ चा. नळीवाल्या यंत्रात वायू म्हातारा होतो आणि नळीला पुरवलेला उच्च दाबाचा करंट धोक्याचा असतो. पहिला प्लेअर म्हणून तो घेऊच नका.

कुठे काय बिघडतं आणि का

ट्रेपासून सुरू करू. बटण दाबल्यावर मोटरचा घूं असा आवाज येतो आणि ट्रे जागचा हलत नाही. कव्हर उघडून पुढच्या बाजूला बघा, ट्रेच्या मोटरवरून पुलीकडे एक रबरी पट्टा जातो. तो एकतर सैल पडलेला असेल किंवा वितळून डांबर झालेला. हे डांबर हाताला लागलं की दिवसभर जात नाही, म्हणून आधी हातमोजे. लाकडी टूथपिकने मोठे तुकडे काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या इयरबडने पुलीची खाच घासा. इयरबड पांढरा निघेपर्यंत घासत राहायचं, नाहीतर नवा पट्टा आठवडाभरात घसरतो. पट्ट्याचं माप घ्यायला दोन्ही पुलींभोवती शिवणाचा दोरा गुंडाळा आणि त्याची लांबी मोजा. नवा पट्टा त्यापेक्षा पाच ते दहा टक्के कमी घेराचा हवा. जास्त घट्ट बसवला तर मोटरचं बेअरिंग झिजतं. टेप रेकॉर्डरचे चौकोनी काटछेदाचे पट्टे इथे चालतात. ऑफिसातला रबरबँड एका दिवसाच्या चाचणीपुरता ठीक, कायमचा नको.

मग ग्रीस. पिकअप ज्या लोखंडी दांड्यावरून सरकतो त्याचं मूळ ग्रीस पिवळं पडून मेणासारखं होतं. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणून सिनेमा सुरुवातीला छान चालतो आणि शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत अडखळायला लागतो, कारण पिकअप त्या टोकाला घट्ट ग्रीसमध्ये रुततो. दोन्ही बाजू आपोआप लावणाऱ्या प्लेअरमध्ये पिकअप इंग्रजी यू आकाराच्या रुळावरून डिस्कला वळसा घालून वरच्या बाजूला जातो. पहिली बाजू चालते आणि दुसरीला यंत्र थांबतं, तेव्हा संशयित तो वळणाचा रूळ. जुनं ग्रीस पूर्ण पुसा आणि पांढऱ्या लिथियम ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जुन्यावर नवं थापू नका. शिवणयंत्राचं तेल किंवा डब्ल्यूडी-४० तर मुळीच नको. ते पसरतं, लेन्सपर्यंत जातं आणि वर्षभरात पुन्हा चिकट होतं.

लेन्स साफ करताना आधी फक्त हवेचा पंप. मग इयरबडला अल्कोहोलचा जेमतेम ओलावा देऊन मधून बाहेर एक-दोन गोल हात फिरवायचे. लेन्स केसासारख्या पातळ आधारांवर तरंगत असते. ती खाली दाबली की तिचा तोल जातो आणि मग खरंच पिकअप बदलावा लागतो.

प्लेअर चालू केला, डिस्क ओळखायच्या वेळी वेग घ्यायला लागला आणि मध्येच सोडून दिला, किंवा तासाभराने गरम झाल्यावर चित्र तुटायला लागलं, तर पॉवर सप्लायच्या कपॅसिटरकडे वळा. माथा फुगलेला किंवा बुडाशी तपकिरी डाग असलेला कपॅसिटर बदलायचाच, पण बाहेरून धडधाकट दिसणाराही आतून सुकलेला असू शकतो. मल्टीमीटरने आधी सप्लायच्या ५ आणि १२ व्होल्टच्या ओळी मोजा, डिस्क वेग घेत असताना मोजा. त्या क्षणी व्होल्टेज खाली बसलं तर उत्तर मिळालं. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरॅडचा, व्होल्टेज तेवढंच किंवा वरचं, आणि १०५ अंशांचा घ्या. ८५ अंशांचा स्वस्त पडतो, पण बंद पेटीत, मुंबईच्या मे महिन्यात, त्याचं आयुष्य लवकर संपतं. समुद्राजवळच्या घरांत आणखी एक बिघाड नेहमी भेटतो: रिबन केबलच्या टोकांवर चढलेली काळपट पुटं. केबल काढून टोकं अल्कोहोलने पुसून परत बसवली तरी कित्येक यंत्रं जागी होतात. सोल्डर काढण्याआधी हे करून बघा.

चित्रावर तिरके, सरकणारे पट्टे दिसले तर तो टिल्टचा प्रश्न. एवढी मोठी तबकडी कडेला किंचित लवते. लेन्स तिच्याशी काटकोनात राहावी म्हणून पिकअपचा अख्खा मंचच तिरका होतो. तो अडकला की शेजारच्या ट्रॅकचा सिग्नल मिसळतो. इथेही आधी ग्रीस आणि गिअर तपासा.

बोर्डवरच्या छोट्या फिरत्या स्क्रूंना, म्हणजे प्रीसेटना, हात लावू नका. हे कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण दुरुस्त होण्याजोगी यंत्रं याच एका चुकीने गेलेली असतात. लेझरची पॉवर वाढवली की दोन दिवस सगळं सुरळीत वाटतं, मग डायोड जळतो, आणि तो नवा मिळत नाही. पायोनियरने शेवटच्या प्लेअरचं उत्पादन २००९ मध्ये थांबवलं. फारच गरज पडली तर आधी प्रत्येक प्रीसेटचा फोटो काढा आणि मार्करने मूळ जागेची खूण करा.

डिस्कला लागलेली कीड

चित्रावर रंगीत ठिपके नाचतात आणि प्रश्न पडतो: डिस्क मळकी, कीड लागलेली, की प्लेअर कमकुवत? हे वेगळं करायला दोन डिस्क लागतात. दुसऱ्या, चांगल्या डिस्कवरही तेवढेच ठिपके असतील तर दोष प्लेअरचा. ठिपके एकाच डिस्कवर असतील तर ती धुऊन पुन्हा लावा. धुतल्यावर कमी झाले तर मळ होता. तसेच राहिले आणि पडदाभर विखुरलेले असतील तर ती कीड, ज्याला संग्राहक लेझर रॉट म्हणतात. दोन तबकड्या जोडणाऱ्या डिंकातून आणि सांध्यातून आत गेलेल्या हवा-ओलाव्याने अॅल्युमिनियमचा थर गंजतो. ओरखडा वेगळा ओळखू येतो: सीएव्ही डिस्क चालू असताना तो बराच वेळ पडद्याच्या एकाच उंचीवर दिसत राहतो, कारण प्रत्येक चित्रात तो त्याच जागी येतो. एका बाजूला कीड आणि दुसरी बाजू स्वच्छ, असंही होतं, म्हणून विकत घेताना दोन्ही बाजू बघा. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या टेरे हॉट इथे सोनीच्या कारखान्यात १९९० च्या दशकात निघालेल्या डिस्क या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत.

पावसाळ्यात पृष्ठभागावर येणारी जाळीदार बुरशी ही कीड नव्हे, ती धुता येते. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मधलं लेबल कोरडं ठेवायचं, आणि मऊ मायक्रोफायबरने केंद्रातून कडेकडे पुसायचं. लेझर डिस्कला अल्कोहोल लावू नका. ती अॅक्रिलिकची आहे, अल्कोहोलने तिच्यावर बारीक तडे जातात. सीडी-व्हीसीडी पॉलीकार्बोनेटची असते, तिला ते चालतं. ही एक गल्लत बऱ्याच चांगल्या डिस्क खाते.

घरातल्या व्हीसीडीचं काय

लेझर डिस्क आपल्याकडे घरोघरी कधी पोचली नाही. व्हीसीडी पोचली. नाटकं, कीर्तनं, दोन-तीन डिस्कमध्ये विभागलेले सिनेमे, आणि मुख्य म्हणजे लग्न-मुंजीची "सीडी". १९९३ मध्ये ठरलेल्या या प्रकारात चित्र खरोखर डिजिटल आहे, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि एका डिस्कवर ७४ मिनिटं.

७४ मिनिटांच्या सीडीवर संगणकाचा डेटा भरला तर ६५० एमबी मावतो, व्हीसीडीचा सिनेमा मात्र ७४० एमबीच्या आसपास जातो. जास्तीची जागा येते कुठून? डेटा सीडीच्या प्रत्येक तुकड्यात २०४८ बाइट कामाचे आणि शिवाय २७६ बाइट चूक दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवलेले असतात. व्हीसीडीत ते २७६ बाइटही चित्रालाच दिले, तुकडा झाला २३२४ चा. म्हणून ओरखडा पडला की डेटा सीडी सावरते आणि व्हीसीडीवर नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात. त्याच कारणाने विंडोजमध्ये एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल नुसती ओढून कॉपी करायला गेलं की वाईट जागी कॉपी अडते आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी आयसोबस्टर किंवा व्हीसीडीइमेजरसारख्या प्रोग्रामने ट्रॅक कच्चा उचला. वेग ४ किंवा ८ पट ठेवा. खराब तुकडे वगळून पुढे जाण्याचा पर्याय निवडा. दोन सेकंद चौकोन दिसले तरी उरलेला तास वाचतो. एका ड्राइव्हने नाही वाचली तर दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हमध्ये घाला, फरक पडतो. मिळालेली फाइल व्हीएलसीमध्ये चालते. ती नव्या फॉरमॅटमध्ये बदलायची घाई करू नका, आधीच दाबलेलं चित्र पुन्हा दाबलं की आणखी बिघडतं.

व्हीसीडीचा धातू लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त वार्निशचा पापुद्रा. चमकत्या बाजूचा हलका ओरखडा टूथपेस्टने, केंद्रातून कडेकडे घासून पुसट करता येतो. लेबलच्या बाजूचा ओरखडा म्हणजे धातूच गेला. डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा, टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढा भाग कायमचा गेला. लग्नाच्या सीडीवर बहुधा जोडप्याच्या फोटोचा गोल कागदी स्टिकर असतो. त्याची कड सुटली असली तरी तो ओढून काढू नका, त्याच्याबरोबर धातूचा थर सोलून येतो. सुटलेली कड तशीच दाबून आधी कॉपी घ्या.

व्हीसीडी प्लेअर "नो डिस्क" म्हणतो तेव्हा झाकण उघडून, डिस्क न घालता चालू करा. लेन्स दोन-तीनदा वरखाली होते का आणि बाजूने बघितल्यावर मंद लाल ठिपका दिसतो का, ते बघा. वरून सरळ डोळा लावायचा नाही. लेन्स हलते पण लाल ठिपका नाही, तर लेझर किंवा त्याचा सप्लाय. दोन्ही आहेत तर लेन्स पुसा आणि ५ व्होल्टची ओळ मोजा. या प्लेअरच्या पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्ट राहू शकतात. १० किलो-ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने तो रिकामा करा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. इथे पिकअप बदलणं मात्र परवडतं, केएसएस-२१३सी सारखे प्रकार लॅमिंग्टन रोडवर मिळतात. नव्या पिकअपच्या पाटीवर दोन बिंदू जोडणारा सोल्डरचा ठिपका असतो. स्थिर विजेपासून डायोड वाचवायला तो मुद्दाम ठेवलेला असतो. रिबन जोडल्यावर तो काढायचा. तो तसाच राहिला तर नवा पिकअपही "नो डिस्क"च म्हणेल आणि दोष दुकानदाराला लागेल.

लेझर डिस्कची कॉपी हा वेगळा विषय. चित्र डिस्कवरच कंपोझिट असतं, म्हणजे रंग आणि उजेड एकाच सिग्नलमध्ये मिसळलेले, त्यामुळे प्लेअरला एस-व्हिडिओ असला म्हणून चित्र सुधारेलच असं नाही. पिवळ्या केबलने जोडून टीव्हीला रंग वेगळे करू द्या, दोन्ही ताडून बघा. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी डोम्सडे डुप्लिकेटर नावाचा बोर्ड आहे. तो पिकअपचा कच्चा सिग्नल सेकंदाला ४ कोटी वेळा मोजून संगणकात भरतो आणि एलडी-डीकोड हा मोफत प्रोग्राम त्यातून चित्र काढतो. एकाच सिनेमाच्या दोन-तीन कीड लागलेल्या प्रती असतील तर त्या अशा वाचून एकीतली भगदाडं दुसरीने भरता येतात. कीड लागलेली डिस्क म्हणूनच फेकू नये.

ठेवण्याबद्दल थोडंसं. डिस्क उभ्या ठेवा, घट्ट नाही आणि कलंडतील एवढ्या सैलही नाहीत. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. शेवटच्या मजल्यावर गच्चीखालचा माळा ही सगळ्यात वाईट जागा, उन्हाळ्यात तिथल्या उष्णतेने डिंक सैल होतो. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेने सीडीचे पारदर्शक डबे चिकट होतात. त्याऐवजी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. केशरी दाणे हिरवे झाले की ते ओलाव्याने भरले. पुडीतून काढून ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर पुन्हा केशरी होईपर्यंत तापवायचे. जून ते सप्टेंबर हे दर दोन-तीन आठवड्यांनी करावं लागतं. त्याच दिवशी प्लेअरही तासभर चालू ठेवा, म्हणजे आतला दमटपणा निघतो आणि पट्टा एकाच जागी वाकून बसत नाही.